तसनीम २.४.१

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
बिल्ड पडलं.
पडद्यावर तांबडी एकच ओळ:
तसनीम २.४.१ सापडलं नाही.

काचेबाहेर सोहारचा ऑगस्ट,
रात्रीसुद्धा ओल्या टॉवेलासारखा.
समुद्रात लाल शेवाळ आलंय.
सहाच्या आत गाळण्यांचा नवा प्रोग्रॅम चढला नाही
तर समुद्राकडचं तोंड बंद करावं लागणार,
आणि टाक्यांत गोडं पाणी दीड दिवसाचं.
सालिम अल-बलूशी दर वीस मिनिटांनी फोन करतो,
काही विचारत नाही, नुसता खाकरतो.

आमचं नेटवर्क उंबरा ओलांडत नाही.
बाहेरून काहीही उतरवायचं नाही,
लागेल ते घरच्या कोठारातून घ्यायचं.
मला पटलेला नियम आहे हा. पहिल्या खेपेला
मीही विरजण आणलं होतं, दह्यात बुडवून वाळवलेल्या फडक्यात,
आणि कस्टमच्या माणसाला सांगितलं होतं, रुमाल आहे.

पण कोठारात उतरून पाहिलं होतं कुणी?

मी यादी सोलत गेले.
पंपांना दाबाचं पॅकेज लागतं,
दाबाला वेळेचं,
वेळेच्या पॅकेजला तारखा उलटसुलट करणारं
चौदा ओळींचं एक चिल्लर काहीतरी,
आणि लाल पाणी ओळखायला
सगळ्यांच्या तळाशी तसनीम.
तिचा पत्ता: इद्रिस-डेस्क.
सर्व्हर नव्हे.
डेस्क.

इद्रिस अब्दुलगादिर तीन वर्षांपूर्वी पोर्ट सुदानला गेला,
खजुराचा डबा सगळ्यांपुढे फिरवून.
त्याच्या टेबलावर आता प्रिंटरचे कागद.
मी गुडघ्यांवर बसले. टेबलाखाली
धुळीची टोपी घातलेला जुना डबा, बंद,
आणि शेजारी त्याची वायर,
जमिनीवर.

"व्हॅक्यूमला प्लग लागतो, दीदी,"
खेमराज दारातून म्हणाला.
"रोज काढतो, रोज परत लावतो.
आज राहून गेलं."

रोज.
म्हणजे तीन वर्षं, रोज रात्री दहा मिनिटं
अर्ध्या बातिना किनाऱ्याचं पाणी
खेमराजच्या आठवणीवर होतं,
आणि तेवढ्या दहा मिनिटांत
कुणाला तसनीम लागली नव्हती, इतकंच.

मी पहिली सहा वर्षं या देशात डिपेंडंट होते.
कार्डावर तसंच छापलेलं.
नवऱ्याची नोकरी तुटली असती
तर मीही कुठल्याशा यादीत
सापडले नसते.
आता त्याच्या कार्डावर माझं नाव आहे.
आम्ही दोघं त्याबद्दल हसतो,
दरवर्षी नूतनीकरणाच्या महिन्यात जरा कमी.

वायर लावली. डबा खोकला, कण्हला, उठला.
मी तसनीम काढून मोठ्या कोठारात ठेवली,
पत्ता बदलला, आवृत्ती खिळवली,
लेखकाच्या रकान्याला हात लावला नाही.
पहिल्याच फाइलच्या माथ्यावर त्याची टीप:
"हे फक्त लाल पाण्यासाठी. वर्षातून एकदा लागेल.
लागेल तेव्हा मी नसेन,
तर दोनशे बाराव्या ओळीवर विश्वास ठेवा."
दोनशे बारावी ओळ मला कळली नाही.
ठेवला.

पाच चाळीसला बिल्ड हिरवं झालं.
सालिमचा फोन. या वेळी खाकरला नाही.
तसनीम म्हणजे जन्नतमधला झरा, तो म्हणाला,
मला वाटत होतं, मुलीचं नाव असेल.
दोन्ही असू शकतं, तो म्हणाला.

इद्रिसच्या जुन्या नंबरावर मी लिहिलं:
तुझं अजून चालतंय.
एकच टिक.
सात वाजता एकच टिक.
पोर्ट सुदानची बातमी मी मुद्दाम उघडली नाही.

खेमराज अजून दारातच उभा,
हातात व्हॅक्यूमची वायर गुंडाळलेली.
अर्धी खोली झाडायची राहिली होती.
"दीदी," तो म्हणाला, "मग आता
कुठला प्लग काढू?"